आत्या, झिंगे आणि सौरप्लेटी

माझ्या मोठ्या आत्याइतका संशयी जीव चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात दुसरा नसेल. तिथला वाघसुद्धा तिच्या मानाने भोळा म्हणायचा. डॉक्टरची गोळी ती आधी हुंगते, मग अर्धीच खाते. मी जेवून आलोय म्हटलं, तर माझ्या पोटाकडे निरखून बघते. तलावातले झिंगे पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, वाळवून वडशाच्या बाजारात विकण्यात तिचा जन्म गेला. त्यामुळे गावातल्या दिव्यांसाठी आणि पाण्याच्या मोटारीसाठी तलावाशेजारी छोटा सौरप्रकल्प उभा राहिला, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने निदान केलं, "ह्या प्लेटी उनातला कस चुसून घेतेत. माये झिंगे ओलेच राह्यतीन!"

एकदा मी गावी गेलो असताना भर उन्हात मोटार बंद पडली. नळाशी पाण्याचे रिकामे गुंड-कळशा घेऊन बायका जमल्या. प्रकल्प सांभाळणारी मुलगी विजेच्या तारा तपासून थकली. शेवटी आम्ही प्लेटींच्या रांगांमागे गेलो, तर तिथे प्लेटींवर जुनी लुगडी बांधून झिंगे पसरलेले, आणि कावळे हाकलत आत्या बसलेली!

"सारं ऊन इथीच येऊन राह्यलं, मंग झिंगे कुठी नेऊ?"

मुलगी चिडली नाही. म्हणाली, "आत्या, काचेखाली सिलिकॉनच्या पातळ चकत्या हायेत. त्याइवर उजेड पडला का करंट वाहते. त्या डब्यात तो मोटारीजोगता होते. तुमी उजेडच झाकला!"

"म्हंजे उजेड खातेतच ना!"

"त्याइच्यावर पडते तेवढाच. पाळीवरचा तुमचाच. अन् उजेड पाह्यजे, ताप नाई. जास्त तापल्या का करंट कमी होते."

"मंग ताप मले देऊन टाक."

बायका हसल्या, लुगडी निघाली, मोटार घुमू लागली. आत्याचं समाधान मात्र झालं नाही. तिने थोडे झिंगे प्लेटींजवळ आणि थोडे पाळीच्या दुसऱ्या टोकाला वाळवले, रोज चिमटीत धरून पाहिले. दोन्हीकडचे सारखेच कडक झाले, तर म्हणाली, "प्लेटी सध्या मले भिऊन राह्यल्या."

परवा गेलो, तेव्हा तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. दुपारची वेळ, दार सताड उघडं, तरी तिने चाचपडत त्या प्लेटींवर चालणारा दिवा लावला.

"आत्या, दिवसा लाइट काऊन?"

तिने माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "तुयं तोंड दिसत नाई, बाप्पा. नुसत्या आवाजावर कसा इस्वास ठेवू?"

मी दिव्याखाली सरकून बसलो. तिला हवं तितका वेळ बघू दिलं.