प्रश्नचिन्हांची चाळीस पानं

शाळेतून निवृत्त झाल्यावर कुंदाबाई मुलुंडच्या एका ग्रंथालयात पुस्तकं देण्याचं काम बघत. जयवंत परब त्यांना पहिल्यांदा दिसले ते तिथेच, संगणकाच्या पुस्तकांच्या कपाटाशी, चष्मा कपाळावर ठेवून चष्माच शोधताना.

"लिनक्सवर मराठी दिसत नाही, बाई. नुसती प्रश्नचिन्हं. त्यावर काही असेल तर द्या."

जयवंतरावांनी तीस वर्षं छापखान्यात अक्षरजुळणी केली; आधी शिशाचे खिळे, मग संगणक. बायको सुगंधा आजारपणात रोज थोडं टाइप करायची: मालवणजवळचं माहेर, आईच्या हातची पेज, विहिरीवरच्या बायका. चाळीस पानं झाली आणि ती गेली. वर्षश्राद्धाला त्याची पुस्तिका काढून लेकीच्या, अक्षताच्या हातात द्यायची, एवढंच त्यांच्या मनात होतं.

संगणक फार रखडायला लागला, म्हणून त्यांनी फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, हार्ड डिस्क पुसली आणि स्वतःच लिनक्स ही हलकी, फुकट मिळणारी प्रणाली घातली. भाषा निवडायचं पान घाईत पुढे ढकललं.

पुस्तक घरी नेऊन त्यांनी एकेक आज्ञा टाइप केली. लोकॅल, म्हणजे यंत्राची भाषेची मांडणी, तपासलं, तर यंत्राला इंग्रजीपुरतीच अक्षरं ठाऊक. मराठी लोकॅल तयार केलं, सगळ्या लिपी ओळखणारं यूटीएफ-आठ लावलं, पुन्हा लॉगिन केलं. तारीख मराठीत आली. नवं लिहिलेलं स्वच्छ दिसलं. सुगंधाची फाइल मात्र तशीच.

आठवड्याने ते पुस्तक परत द्यायला आले.

"पहिल्यांदा उघडली ना, तेव्हाच सेव्ह केली मी. छापखान्यात लाइट जायचे. उघडलं की सेव्ह, हात लावला की सेव्ह. बोटं ऐकत नाहीत, बाई." त्या क्षणी यंत्राने प्रत्येक मराठी अक्षर टाकून त्या जागी खरंच प्रश्नचिन्ह लिहिलं होतं.

"दुसरी प्रत?"

"गिऱ्हाइकांना जन्मभर सांगत आलो, दोन प्रती ठेवा."

कुंदाबाईंनी पुस्तक जमा करून घेतलं. "अक्षताला सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाली, असू दे बाबा, आईने काय लिहिलं होतं ते तोंडी सांगा." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मी वाचलंच नव्हतं हो. ती सांगायची तेवढंच माहीत. म्हटलं, जुळवताना वाचेन."

आता जयवंतराव दर मंगळवारी ग्रंथालयात बसतात. कोणी लिनक्सचा संगणक घेऊन आलं, तर मराठी लोकॅल लावून देतात. पण आधी सगळ्या फाइलींची प्रत काढायला लावतात.