रुसायला कोपरा

विमलकाकू गिनीपिगच्या लेंड्या बोटांनी वेचायच्या आणि त्याच हातांनी मला चहा आणून द्यायच्या. मध्ये हात धुवायच्या, नाही असं नाही, पण माझं लक्ष कपाकडे कमी आणि त्यांच्या नखांकडे जास्त असायचं. मला प्राण्यांची किळस येते, हे आधीच सांगून टाकते. कुत्रं नुसतं पायाला घासून गेलं तरी मी साडी बदलते. आणि नेमकं माझ्याच दारासमोर, विजापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत, हे प्रकरण उभं राहायचं होतं.

काकू मूळच्या वैरागच्या, शेतकरी घरातल्या. लग्न होऊन सोलापुरात आल्या आणि इथं त्यांचं नाव झालं ते एका भलत्याच कामासाठी. नात्यागोत्यात कुठंही लग्न निघालं की मंगल कार्यालयात कुठले पाहुणे कुठल्या खोलीत उतरवायचे, हे काकू ठरवायच्या. मोहोळची मावशी आणि केमची आत्या एका खोलीत टाकल्या तर हळद लागायच्या आधीच भांडण लागणार, हे त्यांना पाठ असायचं. त्या आधी रिकाम्या खोलीत जाऊन नुसत्या उभ्या राहायच्या, भिंतींकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "हितं चारच. कोपरं चार हायती. माणसाला रुसायला कोपरा पायजे की. रुसायला जागा असली की माणूस फार रुसत न्हाय." गाद्या आठ मावतात म्हणून कुणी हुज्जत घातली, तर "मावत्यात आणि ऱ्हात्यात, ह्यात फरक हाय," एवढं बोलून त्या पुढच्या खोलीकडे वळायच्या.

त्यांचा मुलगा महेश पुण्यात. त्यानं आपल्या पोराच्या वाढदिवसाला दोन गिनीपिग आणले होते. पोराचा उत्साह संपला, सुनेनं नाकाला रुमाल लावला, आणि दिवाळीत हा पठ्ठ्या खोकं घेऊन आईच्या दारात हजर. म्हणे, "थोडे दिवस ठेव." आईचं घर म्हणजे यांची अडगळीची खोली. दोन्ही माद्या आहेत असं दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं होतं. त्यातली एक नर निघाली आणि गुढीपाडव्यापर्यंत काकूंच्या बाल्कनीत गोकुळ झालं.

काय तो वास! मुताचा, कुबट गवताचा आणि सडक्या कोबीच्या पानांचा, तिन्ही एकत्र. तो दाराच्या फटीतून येऊन माझ्या फोडणीत मिसळायचा. एकदा माझ्या डोळ्यांदेखत त्यातल्या एकानं मान खाली घालून स्वतःचीच लेंडी थेट तोंडात घेतली आणि मिटक्या मारत खाल्ली. काकू शांतपणे म्हणाल्या, "त्याचं त्याला गोड लागतंय. तू कशाला वाकून बघतीस?"

महेशनं फोनवर सल्ला दिला होता, "एकाच मोठ्या पिंजऱ्यात टाक सगळे, आई. एकत्र खेळतील." काकूंनी पोराचं ऐकलं. चार दिवसांत दोन तरुण नर एकमेकांवर तुटून पडले. एकाचा कान लोंबत होता, केस रक्तानं चिकटले होते, आणि पुढं तिथं पू झाला. ते मिठाच्या पाण्यानं धुताना मी दिवा धरून उभी होते. का उभी होते, देव जाणे. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. "चूक माझीच," काकू म्हणाल्या. "लग्नघरात कधी केलं न्हाई, ते हितं कसं केलं मी?"

मग त्यांनी पदर खोचला. बाल्कनीत तशाच उभ्या राहून बघत राहिल्या, कोण कुणाच्या अंगावर जातं, कोण कुणाला टेकून झोपतं. नर सगळे वेगळे काढले. म्हाताऱ्या नराला, सगळ्यांच्या बापाला, माद्यांच्या शेजारीच ठेवलं, पण मध्ये जाळी मारली. "बोलचाल ऱ्हाऊ दे. संसार पुरे झाला." चादरींचे पुठ्ठ्याचे खोके आणून प्रत्येकाला आडोसा केला, आणि प्रत्येक खोक्याला दोन दारं कापली. एकच दार ठेवलं की दुसरी येऊन दारात बसते आणि आतलीला कोंडते, असं त्यांचं म्हणणं. सासू-सुनांची बरीच घरं पाहिलेली बाई ती.

एवढं करूनही जागेच्या मानानं गर्दी फार होती. मग वाटप सुरू झालं, पण तेही कसं? मुलगी द्यायला निघाल्यासारखं. आधी घर बघायचं, उन्हाळ्यात गच्चीची खोली तापते का विचारायचं, आणि देताना जोडीनंच द्यायचं. सात रस्त्याजवळच्या एका बाईंना एकच हवं होतं. "आमचा मुलगा खेळेल की त्याच्याशी," त्या म्हणाल्या. "आणि त्यो शाळंत गेल्यावर?" काकूंनी विचारलं. त्यांनी दिलेला चहा अर्धा टाकून आम्ही उठलो आणि ती जोडी काकूंच्या पदराखाली, मी अंग चोरून रिक्षाच्या दुसऱ्या टोकाला, अशा घरी परत आलो. त्यातल्या एकानं वाटेत काकूंच्या पातळावर विधी उरकला. माझ्या नशिबात हेच लिहिलं होतं.

म्हातारा नर उन्हाळ्यात गेला. शेवटी दोघी बहिणी राहिल्या, गोरी आणि ठिपकी. एवढ्या मोठ्या पिंजऱ्यात दोनच कशाला, असं मी विचारलं.

"दोघींचं जमलंय," त्या म्हणाल्या. "तिसरी आणून कशाला बिघडवू? जमतंय कुटं सगळ्यांचं? इतक्या लोकांच्या पाव्हण्यांची सोय लावली मी, सुमन. माझी दोनच पोरं एका खोलीत बसत न्हाईत."

खरं होतं ते. महेश आणि बार्शीला दिलेली मुलगी अंजली, वडिलांच्या आजारपणात कुणी किती केलं यावरून जे तुटले ते तुटलेच. दिवाळीला तो गेल्याशिवाय ही यायची नाही. आई दोनदा फराळ मांडायची.

"मी गेल्यावर ह्या दोघींची ताटातूट हुईल बघ," काकू म्हणाल्या. "तेवढी हू देऊ नगं."

"मला त्यांच्याकडे बघवत नाही, काकू."

"बघ म्हणलंय का मी?"

एका सकाळी त्या दोघी शिट्टीसारख्या आवाजात ओरडायला लागल्या, त्या थांबेचनात. माझं डोकं उठलं. आज दोन शब्द सुनावायचेच असं ठरवून मी माझ्याकडची किल्ली लावून आत गेले. काकू खुर्चीत बसल्या होत्या, पाय जमिनीवर नीट ठेवून. मी हात लावला आणि कळलं. त्या दोघी भुकेल्या होत्या, म्हणून ओरडत होत्या. मी आधी त्यांना कोथिंबीर टाकली, मग महेशला फोन केला. हा क्रम मला आजही चमत्कारिक वाटतो. काकूंसाठी मी फार रडले.

पुढचे दिवस असे गेले. भाऊ बाहेरच्या खोलीत, बहीण आतल्या खोलीत, आणि दोघांचे निरोप माझ्यामार्फत. तेरावा झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पाहुणे जायच्या आत, वाटणी मांडली. चादरी अर्ध्या याला, अर्ध्या तिला. पातेली मोठ्याला मोठं, लहानाला लहान लावून. समयांची जोडी होती, तर एक समई त्याच्या पिशवीत आणि एक तिच्या. एक समई देवापुढं कशी दिसेल, याचा विचार एकालाही शिवला नाही. दोघं इतकी बरोबर वाटून घेत होती की मला लेंडी खाणारा तो प्राणी स्वच्छ वाटायला लागला.

मग बाल्कनीची पाळी आली.

"मावशी, तिला सांगा," महेश म्हणाला, "एक ती नेऊ दे, एक मी नेतो. आईची आठवण दोघांकडे राहील."

"त्याला म्हणावं, गोरी मला हवी," अंजली आतून म्हणाली.

त्यानं पिंजऱ्याचं दार उघडलं आणि आत हात घातला. गोरी मागं सरकली. ठिपकी तिच्या अंगावर चढून बसली आणि दोघी कोपऱ्यात थरथरत राहिल्या. मी त्याचं मनगट धरून हात बाहेर काढला आणि दार लावलं.

"दोघी माझ्याकडे राहतील," मी म्हटलं.

अंजली बाहेर आली. किती तरी वर्षांनी ती दोघं भावंडं एका जागी उभी होती, आणि दोघं माझ्याकडे संशयानं बघत होती.

"पण मावशी, तुम्हाला तर किळस येते ना त्यांची?"

"येते," मी म्हटलं. "त्यांना एकमेकींची येत नाही."

मी पिंजरा उचलला. भलताच जड होता, आणि वास तर विचारूच नका.