शिवराई आहे का कुणाकडे?

मंडळी, ही चिठ्ठी वाचून शेजारच्या घरी द्या आणि आधी तुमचे कोनाडे, डबे बघा. मला एक शिवराई हवी आहे, आत्ता!

आज जुनी नाणी बदलून घ्यायचा शेवटचा दिवस. महिनाभर दवंडी पिटत होते. मीही औषधांच्या दुकानात येईल त्याला बजावत होतो. सकाळीच ठाण्याच्या कचेरीत माझ्या सगळ्या शिवराया देऊन नवे पैसे आणले.

दुपारी कोपरीची एक बाई लेकीच्या तापावर औषध मागायला आली. पदराच्या गाठीतून तिने शिवराई काढली.

मी म्हटलं, "बाई, ही आता चालत नाही. कचेरीतून बदलून आण."

"पोर लय तापलीय, दादा," म्हणत ती धावत गेली.

मी वडिलांची वही उघडली. त्या औषधात एक विषारी मुळी पडते, नेमकी शिवराईच्या वजनाची. जरा जास्त पडली तर पोर हातची जाईल. तागडी ओढली, तर वजनाची शिवराईच नाही. तीही मीच देऊन आलो होतो.

नवा पैसा हलका आहे. पण किती हलका, कोण सांगणार?

कचेरी बंद झाली. बाई ओट्यावर बसली आहे, नवा पैसा मुठीत धरून.

मंडळी, तिची शिवराई माझ्या हातात होती हो!