युफोनियमची रिकामी पट्टी

२४ जानेवारी १९८८, रविवार. सकाळी साडेसात वाजता मी मानवतच्या शाळेतील एका रिकाम्या वर्गात, सव्वीस तारखेच्या संचलनाच्या धुनेचा स्कोअर उतरवायला बसलो. आठ वाद्यांचे भाग एकाखाली एक मांडलेला हा कागद बँडमास्तरांसाठी असतो. प्रत्येक वाद्याला पाच रेघांची एक पट्टी लागते. हैदराबादहून आणलेले रेघांचे तीनच कागद उरले होते. एका कागदावर चौदा पट्ट्या. आठ वाद्यांची ओळ एकदाच बसते, सातांची दोनदा. पहिल्या बत्तीस मात्रा युफोनियम, म्हणजे जाड आवाजाचे मोठे पितळी वाद्य, गप्प असते. मी त्याची रिकामी पट्टी पहिल्या पानावरून गाळली.

गप्प वाद्याची पट्टी गाळण्याची रीत आहे. परंतु पहिल्या ओळीत सर्व वाद्ये दाखवावी लागतात, रिकामी असली तरी. हे मला ठाऊक होते.

बँडमास्तर नवे होते, आठवड्यापूर्वीच आले होते. माणसे त्यांच्या ओळखीची नव्हती. दुपारी त्यांनी पहिल्या पानाच्या डाव्या कडेला लिहिलेल्या वाद्यांच्या नावांवरून यादी केली आणि त्याप्रमाणे गणवेश वाटले.

चार वाजता युफोनियम वाजवणारा, गणवेश न मिळालेला, दारात उभा राहिला. हा कापसाच्या जिनिंगमधला कामगार, बौद्ध वस्तीतला, बँडपथकात नऊ वर्षे असलेला. वाद्य खांद्याला तसेच होते. मागून ढोलवाला म्हणाला, "लय वेळ गप बसतूस, म्हून काढलं तुला."

त्याने तिकडे पाहिले नाही. "गुरुजी, माझं वाद्य काढलंय का धुनेतून?"

"वाद्य आहे. दुसऱ्या पानापासून."

"साहेबांनी पयलं पान पाह्यलं. माझी पोरगी परवा शाळेच्या रांगेत हाय. तिला काय सांगू? नाव कुनी गाळलं?"

नामांतराच्या वादाच्या त्या वर्षांत असा प्रश्न विचारण्यास त्याला कारणे पुरेशी होती. मी म्हणालो, "मी गाळले. कागद वाचवण्यासाठी. चूक माझी."

त्याने विचारले, "कागदासाठीच?"

"कागदासाठीच."

"मंग साहेबाला तसंच सांगा. माझ्यासमोर."

मी त्याला घेऊन बँडमास्तरांकडे गेलो आणि तसेच सांगितले. ते म्हणाले, "पहिले पान बरोबर करून आणा, मग बोलू."

रेघांचा कागद शिल्लक नव्हता. साध्या कागदावर फूटपट्टीने चाळीस रेघा ओढल्या. पहिल्या सोळा मात्रा नव्याने उतरवल्या. शेवटच्या पट्टीच्या कडेला युफोनियम लिहिले आणि पुढे विश्रांतीच्या खुणा मांडल्या. जुन्या पानाची वरची ओळ खोडली. बँडमास्तरांनी दोन्ही पाने पाहिली, यादीत आठवे नाव घातले आणि पेटीतून गणवेश काढून दिला. अंगरख्याच्या बाहीचे एक बटण तुटलेले होते. युफोनियमवाला तो काखेत घेऊन सरावाला गेला.

सराव संपल्यावर मी गणवेश मागून घेतला, बटण शिवले आणि त्याला परत दिला.