वाळू दे आधी

मी गाव सोडलं त्या सकाळी आईनं घर लवकर सारवलं होतं. माणूस बाहेर पडल्यावर त्या दिवशी घर सारवू नये म्हणतात, म्हणून तिनं ते माझ्या जाण्याआधीच उरकलं. भाकरीचं गाठोडं तिनं उंबऱ्यातूनच हातात दिलं. पाया पडायला आत शिरू लागलो तर म्हणाली, "वल्लं हाय. वाळू दे आधी." उदगीरची गाडी थांबणार नव्हती. उंबऱ्यालाच हात लावून निघालो. थोरला भाऊ, दादा, बाजेवरून म्हणाला, "हैदराबादेत भिंतीला टेकलास तरी भाडं मागतेत. आठ दिवसांत येतोस बघ."

ते वाक्य मी जपून ठेवलंय. सुलतान बाजारात कापडाचे गठ्ठे उचलले, दुसऱ्याच्या गल्ल्यावर बसलो, मग स्वतःचं दुकान टाकलं. भाव पाडता पाडता एक शिकलो: समोरचा जे सांगतो ते काहीतरी विकण्यासाठीच सांगतो. चिक्कडपल्लीत फ्लॅट घेतला तेव्हा तुम्हा गावाकडच्यांना एवढंच दाखवायचं होतं, की आई आता माझ्याकडे राहते.

टाइल्सवर तिचा पाय घसरेल म्हणून वरून विनाईलचं फ्लोअरिंग घालायचं ठरवलं. बसवणारे यूसुफभाई म्हणाले, "सेठ, सस्ता गोंद बहोत बू मारता. अच्छा डालतौं. और अम्मा को पंद्रा दिन नक्को लाओ, खिडक्यां खुल्ले रखो."

मला वाटलं, महागडा गोंद गळ्यात मारतायत. भडकलो. "हमकोच सिखाते क्या, मियाँ?" स्वस्तातलाच लावून घेतला. आणि तिसऱ्याच दिवशी आईला आणलं, कारण दादानं फोनवर विचारलं होतं, "घर झालंय, का नुसतं तोंडच चालतंय?"

आत आल्या आल्या तिनं पदर नाकाला लावला. दम्याची बाई. मी पंखे लावले, कोपऱ्यांत कोळसे ठेवले, कांदे चिरून पाण्यात ठेवले, शेवटी लोबान जाळला. त्या धुरानं दमा आणखी उसळला. भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्या ती विचारायची, "कशानं सारवलंस रं हे? वाळतच न्हाई." सहाव्या दिवशी दादा येऊन तिला घेऊन गेला. मी जिन्यात त्याच्याशी भांडलो, तेही शेताच्या वाटणीवरून. दुसऱ्या विषयाला तोंड फोडायची हिंमत नव्हती.

गावी जाऊनही खोकला हटला नाही. पौषात ती गेली. धाकट्यानं नव्या घरात नेऊन आईला विष दिलं, असं दादानं तुम्हा सगळ्या भावकीला सांगितलं. दमा तिला माझ्या लहानपणापासून होता, हे नाही सांगितलं. हा राग मी सोडणार नाही. पण एक माणूस काहीही विकायला न बघता मला खरं सांगत होता आणि ते मला ओळखता आलं नाही, हे मात्र दादाच्या माथी मारता येत नाही.

फ्लॅटला आता कसलाही वास येत नाही. येणारा प्रत्येकजण म्हणतो, छान घर आहे.

त्या दिवशी आम्ही स्मशानातून परतलो तेव्हा वहिनीनं आईला ठेवलं होतं ती जागा सारवून दिवा लावला होता. मी आत निघालो. दादा दारात आडवा आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "वल्लं हाय. वाळू दे."

मी घासाघीस केली नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. घर म्हटलं की आता मला ती ओली जमीनच दिसते, आणि तिच्या अलीकडे थांबलेला मी.