गोठ्याच्या दाराशी उभी असलेली बाई

मी बौद्ध घरातली. बाहेरची बाधा, उतारा, नवस... यातलं काहीही आमच्याकडे कधी चाललं नाही, आणि असे अनुभव वाचताना सगळ्यात आधी मीच हसायचे. त्यामुळे हे लिहायला वर्ष लागलं. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा लाजेमुळे.

मी केंब्रिजला एका छोट्या स्टुडिओत जुने फोटो स्कॅन करते. गेल्या ऑक्टोबरात स्कॉटलंडहून, अॅबर्डीनजवळच्या एका गावातून, अॅलिस्टर नावाच्या ऐंशी ओलांडलेल्या गृहस्थांनी काचेच्या निगेटिव्हचा खोका पाठवला. त्यांच्या पणजोबांच्या शेतावर गावातल्या मास्तरांनी काढलेले फोटो — दगडी गोठे, कोठार, लांब दांड्याच्या विळ्यांनी ओट्स कापणारे पुरुष, मागे पेंढ्या बांधणाऱ्या बायका. गावच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं, त्यासाठी प्रिंट्स हव्या होत्या.

एका काचेवर गोठ्याची लांबलचक भिंत होती, आणि दाराशेजारी भिंतीला टेकून उभी एक बाई. त्या काळी कॅमेऱ्यासमोर बराच वेळ स्थिर राहावं लागे. ती हलली असावी. चेहरा पुसट, धुरासारखा. बाकी फ्रेम सुरेख, तीच तेवढी खटकत होती. लंचच्या आधी मला ते काम संपवायचं होतं. शेजारचे दगड कॉपी करून मी तिच्यावर बसवले. त्यात कोपरा तुटलेला एक दगड दोनदा आला, तोही तसाच राहू दिला. वर मूळ स्कॅनवरच सेव्ह केलं. हा डाग नाही, माणूस आहे, हे मला तेव्हाही कळत होतं.

प्रिंट्स गेल्या. चार दिवसांनी अॅलिस्टरांचा फोन आला.

“गोठ्याच्या फोटोत इझोबेल दिसत नाही हो. माझ्या आजीची बहीण. तिचा तो एकच फोटो आहे. चेहरा नीट नव्हता, पण आजी बोट ठेवून दाखवायची.”

“बघते आणि सांगते,” मी म्हटलं. पुन्हा स्कॅन केलं की झालं, असा विचार.

काच खालून उजेड देणाऱ्या लाइटबॉक्सवर ठेवली आणि... भिंत होती. बाई नव्हती. तिच्या जागी दगड, आणि त्यात कोपरा तुटलेला तो दगड — दोनदा! कॉम्प्युटरवर केलेला माझा हलगर्जीपणा शंभर वर्षांहून जुन्या काचेत! भिंग लावून पाहिलं, काच उलटी करून पाहिली, अख्खा खोका तपासला. गोठ्याची काच ती एकच.

घरी नवऱ्याला, सुबोधला सांगितलं. तो म्हणाला, “काचेचं राहू दे. तू तिला पुसलंस, एवढं तरी त्यांना सांगशील ना?”

दुसऱ्या दिवशी मी फोन केला आणि म्हटलं, “मूळ काचेवरही कोणी नाहीये.”

ते खरंच होतं, म्हणून तर तोंडातून निघालं.

अॅलिस्टर म्हणाले, “असं? मग मीच काहीतरी चुकीचं धरून बसलो असेन.” मागून त्यांच्या मुलीचा आवाज आला, “डॅड, मी म्हणत होते ना? आता तरी डॉक्टरांकडे जाऊ.” अॅलिस्टरांनी उलट माझीच माफी मागितली. उगाच त्रास दिला म्हणाले. आणि मी, “इट्स फाइन” म्हटलं.

काचा परत पाठवल्या. पंधरा दिवसांनी सगळं सांगायचं पक्कं करून पुन्हा फोन लावला. मुलीने उचलला.

“डॅड मेमरी क्लिनिकला गेलेत. हल्ली स्वतःच्या कुठल्याच आठवणीवर त्यांचा विश्वास नाही. स्वतःच्या आजीचं नावसुद्धा मला विचारून खात्री करून घेतात. काही निरोप होता का?”

त्या काचेत काय झालं, कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. सुबोधलाही नाही. मी त्यांच्या मुलीला काय म्हटलं, ते मात्र सांगते.

“नाही, काही विशेष नाही. काचा नीट पोचल्या ना, एवढंच विचारायचं होतं.”