आईखडकावरची कालवं

आत्याच्या हातून कालव खडकावरून सुटायचं ते शिंपल्याला ओरखडाही न पडता. सगळी वस्ती तिला आत्या म्हणायची. सख्खं भाचरू एकही नव्हतं, पण त्यावाचून कुणाचं अडलं नाही. तोंडाने फटकळ, हाताने मऊ अशी बाई.

खाडीच्या वरच्या अंगाला कारखाना आला, पाणी बिघडलं आणि कालवांचे खडक एकामागून एक ओसाड पडले. उरला फक्त आईखडक. पिल्लं तिथूनच पसरतात, त्याला हात लावायचा नाही, ही सासूची ताकीद आत्याने जन्मभर पाळली होती.

मग संशोधन केंद्राचे साहेब आले. कालवं टाकीत जगवून पाहू, जगली तर त्यांची पिल्लं पुन्हा खडकांवर सोडू, म्हणाले. आत्याला ते मनापासून पटलं. साहेबांनी आईखडकावरची थोडीच मागितली होती. पण ओहोटीला ती खडकावर बसली आणि तिचा हात अडला. एकाला चिकटून दुसरं, दुसऱ्याला चिकटून तिसरं. कुणाला न्यायचं आणि कुणाला त्या घाणीत ठेवायचं? भरलं घर मोडणं तिच्या जिवावर आलं.

"थोडी राहू देत हो, जाऊबाई," धाकटी जाऊ काठावरून विनवत होती.

"राहून करतील काय? मरतील. गेली तर सगळी एकत्र जाऊ देत."

ओल्या पोत्यांत गुंडाळून तिने टेम्पो भरला. साहेबांना वाटलं, बाईने ओसाड खडकही पालथे घालून उरलीसुरली गोळा केली असावीत. त्यांनी खूश होऊन तिला टाक्या धुण्याच्या कामावर ठेवलं.

निळ्या टाक्यांत पंप घुरघुरायचा. आत्या रोज एकेका शिंपल्यावर नखाने टकटक करायची. जितं कालव झटकन मिटतं. पहिल्या आठवड्यात काही मिटली नाहीत, दुसऱ्यात बरीचशी. पाणी बदललं, गार केलं, औषध घातलं. साहेबांनी काही बाकी ठेवलं नाही. शेवटी एकही मिटेना.

साहेब खुर्चीत बसून म्हणाले, "निदान काय चुकलं ते कळलं. खडकावर राहिलीत त्यांतली थोडी आणा, पुन्हा करू."

"राहिली नाहीत, साहेब."

"म्हणजे? मी थोडीच मागितली होती."

"एका घरची होती ती. मला निवडता आली नाहीत."

साहेब खुर्चीतून उठले. मग त्यांनी पंप बंद केला. आत्याने पदर खोचला, उघडे शिंपले ओंजळीओंजळीने बादलीत भरले आणि टाकी घासायला घेतली. ते काम तिचंच होतं.